जिवंत रंगाची जास्वंद

श्रोतेहो, नमस्कार.

जैवतंत्रज्ञान आणि कला, असा आजचा विषय. तो हातात आला तेव्हा मला आधी आठवला मिरजेचा भोपळा. तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीत गेलात की माळ्यावर, दारात, भिंतीकडेला वाळलेले कडू भोपळे दिसतात. ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. त्यांचा घेर कारागिराच्या हाती नसतो. तो वेल ठरवते, पाणी ठरवतं. कारागीर भोपळा हातात फिरवून बघतो आणि सांगतो, हा तंबोऱ्याचा, हा सतारीचा. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला त्या वेलींचंही कौतुक वाटलं.

मी सांगलीत बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आमच्या शास्त्राचा पाया एका चित्र काढणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातून आलाय, हे मुलांना सांगताना मला फार आनंद व्हायचा. फॅनी हेसे आपल्या नवऱ्याच्या संशोधनासाठी जंतूंची चित्रं काढायच्या. तो जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. जंतू वाढवायला तेव्हा जिलेटिन वापरत, आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. फॅनीबाई घरी जेलीसाठी अगर वापरायच्या, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं. 1881 साली त्यांनी ते सुचवलं. कॉख यांनी 1882 च्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण या बाईंचं नाव घेतलं नाही. म्हणून मी ते आज मुद्दाम घेते.

याच अगरवर पुढे पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी चित्रं काढली. वेगवेगळ्या रंगांचे जंतू तारेच्या टोकाने पेरायचे. काढताना काहीच दिसत नाही. कुठला जंतू किती वेळात रंग धरतो, हे आधी ठाऊक हवं.

आम्हीही एकदा जास्वंद काढायची ठरवली. पाकळ्यांना सेराशिया नावाचा जंतू, त्याचा रंग लालभडक. मधल्या तुऱ्याला मायक्रोकॉकस, पिवळा. पिवळा सावकाश वाढतो, म्हणून तो एक दिवस आधी पेरला. एप्रिल महिना होता आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी अगरच्या बशांची झाकणं उघडली तर जास्वंद पांढरीफटक! सेराशिया सदतीस अंशांच्या वर वाढतो, पण रंग धरत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायची, तरी विसरले.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 2008 साली याच्या उलट घडलं. उंदराच्या पेशींपासून वाढवलेला बोटभर कोट तिथं मांडला होता. प्राणी न मारता चामडं मिळालं तर, असा त्यामागचा प्रश्न. पेशी इतक्या भराभर वाढल्या की नळ्या तुंबल्या, बाही सुटायला लागली. शेवटी संग्रहालयाच्या बाईंनी त्याचं पोषण बंद केलं. कोटाला मारावं लागलं, याचं त्यांना वाईट वाटलं. मला ते वाईट वाटणं अगदी खरं वाटतं. जिवंत वस्तू मांडली की तिला जगवायचं कुणी आणि थांबवायचं कुणी, हा प्रश्न त्या मांडण्यातच आला. चित्रकाराला तो कॅनव्हासने कधी विचारला नव्हता.

आमच्या मुलींनी डिसेंबरात पुन्हा जास्वंद काढली. या वेळी पाकळ्या लाल आल्या, तुरा पिवळाधमक. दोन दिवस सगळा विभाग बघून गेला. पण सेराशिया तसा निरुपद्रवी नव्हे, आजारी माणसाला तो बाधतो. बशी ठेवून चालत नाही. तिसऱ्या दिवशी ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवायला घेतली. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.

"मॅडम, आधी एक फोटो काढू?" एका मुलीने विचारलं. काढला. मग झाकण आवळलं. बाकीच्या निघून गेल्या, ती मात्र दाब उतरेपर्यंत तिथंच उभी होती. उघडलं तेव्हा अगर वितळून सगळे रंग एक झाले होते.

नमस्कार.