आधी खोड बघा

(सकाळ. इंदिरानगरमधलं एक अंगण. जास्वंदीचा शेंडा, अगदी जवळून.)

शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. कळ्या उमलायच्या आधीच गळतायत. नाशिककराला याचं नाव सांगावं लागत नाही. पिठ्या ढेकूण! इथे घराघरात कुणाचा मामा दिंडोरीला, कुणाचा साडू निफाडला. फोन जातो, द्राक्षबागेत उरलेलं औषध बाटलीतून येतं आणि संध्याकाळपर्यंत जास्वंदीला आंघोळ घालून होते.

बागेतला हिशेब वेगळा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी हा द्राक्षावरचा रोग वर्षाची कमाई घेऊन जातो. अंगणात कसली कमाई? इथलं फूल देव्हाऱ्यात जातं, कढीपत्ता आमटीत पडतो आणि पोरं याच मातीत खेळतात.

(कॅमेरा शेंड्यावरून हळूहळू खोडाकडे.)

शेंडा सोडा, खोड बघा. मुंग्यांची रांग वर चढतेय, खाली उतरतेय. पिठ्या झाडाचा रस ओढतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. मुंग्या ती चाटतात आणि मोबदल्यात पिठ्याची राखण करतात. त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. त्याच चिकट्यावर बुरशी चढून पानं चुलीवरच्या तव्यासारखी काळी होतात. औषध मारलं तरी पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे बरेच वाचतात. मरतात ते त्याला खाणारे.

म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडायची. खोडाभोवती चिकट पट्टी लावा. भिंतीला टेकलेली फांदीही छाटा, नाहीतर मुंग्या भिंतीवरून येतात. भरलेले शेंडे कापून टाका आणि उरलेल्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारा.

या गर्दीत एखादा मोठा, झिपऱ्या, चपळ ‘पिठ्या’ दिसेल. लोक नेमका त्यालाच आधी चिरडतात. तो पिठ्या नव्हेच! ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी, पिठ्यांवर ताव मारणारी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा 1898 मध्ये भारतात आणला गेला. द्राक्षबागेत हाच किडा मुद्दाम सोडायला सांगतात, आणि अंगणात आपण त्याला चपलेखाली घेतो.

(कढीपत्त्याचं पान.)

ही पक्ष्याची विष्ठा नाही. जरा थांबा, हलेल. लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवी होईल. झाड मोठं असेल तर खाऊ द्या चार पानं.

(जुना आंबा. बुंध्याशी भुशाचा ढीग.)

इथे मात्र हयगय नको. हा भिरूड. अळी लाकडात बोगदे पाडत बसलीय, पानांवर कितीही फवारा, तिला पत्ताही लागत नाही. छिद्रात तार घालून अळी ओढून काढायची, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत दाबायचा आणि तोंड चिखलानं लिंपायचं.

छाटलेल्या फांदीच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगळे भिजवा, प्लॅस्टिकच्या भांड्यात, मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. बोर्डो मिश्रण 1885 च्या सुमाराला फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षबागांतून जगभर गेलं. द्राक्षाकडून अंगणानं उसनं घ्यावं ते हेच.

(रस्ता. गुलमोहराचा बुंधा, त्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक.)

पाच वडांवरून पंचवटी हे नाव पडलेल्या गावात झाडाच्या मुळांना वीतभर माती उरत नाही. या बुंध्याला फळीसारखी अळंबी फुटलीय, म्हणजे आत लाकूड कुजतंय. यावर फवारणी नाही. पावसाळ्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. स्वतः कुऱ्हाड घेऊ नका. 1975 च्या कायद्यानं शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

(रात्र. नुकताच पडून गेलेला वळीव. कडुनिंब, बॅटरीचा उजेड.)

पहिल्या पावसानंतर जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला चढतात. पुढे त्यांच्याच अळ्या गुलाबाची, हिरवळीची मुळं कुरतडतात. ही एक रात्र गाठायची. एकानं फांदी हलवायची, बाकीच्यांनी वेचायचं. खाली चादर पसरलीय, बाजूला रॉकेल घातलेल्या पाण्याची बादली.

(टपटप आवाज. एक मूल ओरडतं: “आजोबा, अजून हलवा!”)