डिझेल हीटर : पाना हातात घेण्याआधी

कॅम्परव्हॅनमधला, म्हणजे राहायच्या-झोपायच्या गाडीतला, डिझेल हीटर पेटेनासा झाला की माणूस पहिला पाना शोधतो. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की पाना सगळ्यात शेवटी. या हीटरचे बहुतेक आजार त्याच्या पेटीबाहेर असतात : वायरीत, डिझेलच्या नळीत, धुराच्या पाइपात. पेटी उघडली की आतलं, सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट फाटतं. मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि वर एक नवा पदरात पडतो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. मोटर एकच, पण तिच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा गाडीबाहेरची हवा ज्वलनकक्षात ढकलतो. दुसरा गाडीतली हवा तापलेल्या ॲल्युमिनियमच्या कवचावरून फिरवून परत आत सोडतो. या दोन हवांची गाठ कुठेही पडता कामा नये, सगळी सुरक्षितता यावर उभी आहे. जळताना तयार होणारी पाण्याची वाफही धुराबरोबर बाहेर जाते, म्हणून ही ऊब कोरडी असते. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते. म्हणजे तासाला १०० मिलिलिटर जळलं तर एक किलोवॅटच्या आसपास उष्णता तयार होते.

आता बटण दाबा आणि कान द्या. वीज मोजायचा मीटर नसला तरी चालेल, कान हवा. आधी पंखा हळू आवाजात सुरू होतो. त्याच वेळी ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापायला लागतो आणि १२ व्होल्टवर आठ ते दहा अँपिअर ओढतो. थोड्या वेळाने गाडीखालून टिक... टिक... असा आवाज येतो, तो डिझेल मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा. एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराची पुसट रेघ दिसते, मग आतून घुमल्यासारखा आवाज येतो आणि धूर नाहीसा होतो. ज्वाला धरली. टिकटिक जलद होते, प्लग बंद होतो, करंट दोन-तीन अँपिअरवर किंवा त्याहून खाली येतो.

हे नाटक कोणत्या अंकात थांबलं ते बघा, निम्मं निदान तिथेच होतं. टिकटिकच नाही? मग पंप, त्याची वायर किंवा कनेक्टर. टिकटिक आहे पण धूर मुळीच नाही? डिझेल पोचत नाहीये. दाट पांढरा धूर येतोय आणि ज्वाला धरत नाही? डिझेल पोचतंय, ते पेटवणारी उष्णता कमी पडते आहे. स्क्रीनवरच्या एरर कोडपेक्षा मी या क्रमावर जास्त विश्वास ठेवतो. ‘पेटलं नाही’ असा कोड आला तर ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं. का पेटलं नाही, ते कोड सांगत नाही. शिवाय एकाच आकड्याचा अर्थ वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळा असतो.

ओल्या लाकडावर फुंकर मारत बसल्यासारखं पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेलं डिझेल कक्षात साचतं. मग कधीतरी ते पेटतं आणि गाडीखालून धुराचे लोट निघतात. काही हीटर ठरावीक प्रयत्नांनंतर स्वतःला कुलूप लावून घेतात, ते याचसाठी.

उष्णता कमी पडते त्याचं पहिलं कारण विजेचं. बॅटरीवर मीटर लावला की १२.६ व्होल्ट दिसतं आणि माणूस म्हणतो, बॅटरी ठणठणीत आहे. पण मीटर लावायचा तो हीटरच्या कनेक्टरवर, आणि तोही ग्लो प्लग चालू असताना. हिशेब सोपा आहे. बॅटरी हीटरपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार झाली दहा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत दहा अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर अर्ध्या व्होल्टहून कमी. त्यात थंडीत आणि भाराखाली बॅटरी स्वतःच खाली बसते, फ्यूजच्या घरातले पत्रे काळवंडलेले असतात, तारेच्या टोकाला दाबून बसवलेला एखादा लग सैल असतो. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरलं की बहुतेक कंट्रोलर हात वर करतात. संध्याकाळी पेटणारा आणि पहाटे न पेटणारा हीटर बघितला की मी आधी तार मोजतो.

वीज ठीक असेल तर ग्लो प्लगकडे या. कनेक्टर काढून त्याचा रोध मोजा. तो एखाद-दीड ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मीटरने काहीच जोडलेलं नसल्यासारखं दाखवलं तर प्लग तुटलेला आहे. सरळ बॅटरीला लावून तो लाल होतो का बघण्याचा मोह आवरा. काही प्लग १२ व्होल्टच्या गाडीत असूनही त्याहून कमी व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि कंट्रोलर त्यांना मोजूनमापून वीज देतो. सिरॅमिकचा प्लग तर नुसत्या टकटकीनेही तडकतो.

डिझेलच्या नळीवर मात्र मला थांबायचं आहे, कारण इथे लोक फार चुकतात. लहान हीटरांच्या अनेक पंपांचा एक ठोका म्हणजे ०.०२ मिलिलिटरच्या आसपास डिझेल, थेंबाहूनही कमी. नळीचा आतला व्यास दोन मिलिमीटर असेल तर प्रत्येक ठोक्याला डिझेल सहा-सात मिलिमीटर पुढे सरकतं. अशा नळीत दोन सेंटिमीटरचा बुडबुडा आला तर तीन ठोके रिकामे गेले आणि तेवढा वेळ ज्वाला उपाशी राहिली. पारदर्शक नळीवर टॉर्च धरून बघा, बुडबुडे पुढे सरकताना दिसतात. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो, माळ चालत नाही.

हवा शिरते ती जोडावर. रबरी बाहीच्या आत दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकींना टेकलेली हवीत. मध्ये फट राहिली की तिथे हवेचा कप्पा तयार होतो. नळीचं टोक सुरीने काटकोनात कापा. पक्कडीने दाबून तोडलेली नळी चपटी होते. स्वस्त किटसोबत येणारी मऊ हिरवी नळी मी थेट बदलायला सांगतो. दाबाखाली ती फुगते आणि पंपाचा ठोका वाटेतच मवाळ होतो. त्याऐवजी कडक नायलॉनची बारीक नळी घ्या. पंप बसवताना त्याचं डिझेल बाहेर पडण्याचं तोंड वरच्या बाजूला हवं, म्हणजे आत आलेली हवा निघून जाते.

पंपावर संशय असेल तर नळी हीटरच्या टोकाला सोडवा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये डिझेल गोळा करा आणि ठोके मोजा. दोनशे ठोक्यांना चार मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. नेमका आकडा तुमच्या पंपाच्या कागदावर असतो. खूपच कमी आलं तर आधी पंपाच्या तोंडाची गाळणी आणि टाकीतली नळी तपासा. कडाक्याच्या थंडीत उन्हाळ्यात भरलेल्या डिझेलमधलं मेण गोठून गाळणीत अडकतं. तेव्हा दोष पंपाचा नसतो.

आता काजळी. ज्यांचा हीटर रोज रात्रभर अगदी मंद चालतो, त्यांच्याकडे ती आधी जमते. मंद ज्वालेत कक्ष पुरेसा तापत नाही आणि न जळलेला कार्बन भिंतींवर बसतो. म्हणूनच लहान व्हॅनमध्ये पाच किलोवॅटचा हीटर घेऊ नका, दोनचा घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. मोठा हीटर लहान जागेत कायम पेंगत राहतो. आठवड्यातून एकदा खिडकी किलकिली करून अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवला की बरीच काजळी जळून जाते. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वर दिवसेंदिवस राहायचं असेल तर हवा विरळ होते आणि डिझेल तेवढंच जातं. तिथे डिझेलचं प्रमाण उंचीप्रमाणे कमी करणारी सोय हवी.

ग्लो प्लगभोवतीची जाळी काजळीने आधी बुजते. डिझेल या जाळीवर पसरून वाफ होतं, त्यामुळे ती बुजली की पांढरा धूर आलाच. प्लग काढा, जाळी पक्कडीने हळूच फिरवत बाहेर घ्या. ती साफ करत बसू नका, नवी घाला. ती बसते त्या नळकांड्यात एक बारीक भोक असतं. बारीक तारेने ते मोकळं करा. जाळी बदलूनही हीटर रुसला तर बहुधा हे भोक विसरलेलं असतं. एवढ्यानेही भागलं नाही, तरच पेटी उघडा, आणि नवं गॅस्केट आधीच हाताशी ठेवा.

धुराच्या पाइपाबद्दल मात्र मी सौम्यपणे बोलणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. एक्झॉस्टचं तोंड गाडीच्या कडेपर्यंत हवं, तळाखाली मध्येच नको, खिडकीखालीही नको. ज्वलनासाठी हवा घेणारी नळी त्यापासून दूर. पाइपाला खाली उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी निथळायची सोय ठेवा, नाहीतर साचलेलं पाणी धुराची वाट अडवतं. क्लॅम्पभोवती काळा डाग दिसला म्हणजे तिथून धूर गळतोय; त्या रात्री हीटर लावायचा नाही. कॅम्परव्हॅनसारख्या राहत्या गाड्यांसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या आणि त्याच्यावर छापलेली मुदत वाचा, कारण आतला सेन्सर म्हातारा होतो. अलार्म असला म्हणून बंद गॅरेजमध्ये हीटर चालवायची परवानगी मिळत नाही. डिझेल भरताना हीटर बंदच हवा.

बंद करायचा तो बटणानेच. त्यानंतर काही मिनिटं पंखा फिरत राहतो, कारण तापलेलं कवच निवायचं असतं. मेन स्विच खटकन पाडला तर ती धग आतल्या आत पंख्याला आणि सर्किटला भाजते. वारंवार ओव्हरहीट होऊन बंद पडत असेल तर गरम हवेच्या डक्टचं वळण आणि हवा ओढणाऱ्या तोंडासमोरचं अंथरूण बघा. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं पेटवा. पडून राहिलेलं डिझेल पंपात चिकट होतं.

आत्ताच कुणीतरी रॉकेलबद्दल विचारलं. रॉकेल जास्त स्वच्छ जळतं हे खरं, त्यामुळे काही जण हंगामाच्या शेवटी थोडं रॉकेल जाळून काजळी कमी करतात. पण त्यात वंगण कमी असतं, त्यामुळे पंप झिजू शकतो. लिटरमागे उष्णताही थोडी कमी मिळते. तुमच्या हीटरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर वेगळ्या डब्यातून द्या. गाडीच्या टाकीत ओतू नका, इंजिनाला ते सोसत नाही. आणि पेट्रोलबद्दल विचारणार असाल, तर डिझेलच्या हीटरात त्याचा एक थेंबही नाही.