बालवाडीच्या बाई

नमस्कार श्रोतेहो.

बालवाडीच्या बाईंना आपल्याकडे कुणी खिजगणतीत धरत नाही. कॉलेजात शिकवणारे ते प्राध्यापक, हायस्कूलमधले ते सर आणि बालवाडीच्या त्या नुसत्या बाई. पोरांची नाकं पुसायची, गाणी म्हणून घ्यायची, खाऊ वाटायचा, त्यात शिकवणं कसलं? हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकलं. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांनीही अशीच नाकं पुसत बरीच वर्षं काढली आणि १९६८ साली त्या अमेरिकेच्या संसदेत, तिथल्या प्रतिनिधीगृहात निवडून गेल्या. तिथे पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नाव शर्ली चिझम. मी मनात त्यांना शर्लीबाईच म्हणते.

त्यांचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील गयानाचे, गोणपाटाच्या कारखान्यात मजुरी करायचे. आई बार्बाडोसची, शिवणकाम करायची, लोकांच्या घरी कामाला जायची. दोघं दिवसभर बाहेर, मग पोरींना बघायचं कुणी? लहानगी शर्ली आणि तिच्या बहिणी बार्बाडोसला आजीकडे पाठवल्या गेल्या आणि काही वर्षं तिथेच राहिल्या. कामावर जाणाऱ्या आईचं मूल कुठे राहतं, हा प्रश्न शर्लीबाईंना कुठल्या अहवालात सापडलेला नाही. तो त्यांच्या घरातलाच होता. पुढचं त्यांचं सगळं राजकारण मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

आजीची शिस्त कडक आणि गावातली शाळा एका खोलीची. पण तिथे इंग्रजी पक्कं झालं. ब्रुकलिन कॉलेजात त्या वादविवादाची बक्षिसं मिळवू लागल्या. तू राजकारणात जा, असं एका प्राध्यापकांनी सुचवलं तेव्हा त्यांनी त्यांना आठवण करून दिली, की मी काळी आहे आणि वर बाई आहे. १९४६ ला पदवी घेतली आणि त्या काळात शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलीला जो रस्ता मोकळा होता तो धरला, शिक्षिकेचा. तिथेही अडचण आलीच. अंगकाठी इतकी लहान, की ही मुलांना काय सांभाळणार म्हणून जागोजागी नकार. शेवटी हार्लेममधल्या एका बालवाडीने मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. दिवसा मुलं आणि रात्री कोलंबिया विद्यापीठात बालशिक्षणाचा अभ्यास, असं करत पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडच्या हॅमिल्टन-मॅडिसन या बालसंगोपन केंद्राच्या त्या प्रमुख झाल्या. तीन ते सात वर्षांची १३० मुलं. त्यांत पोर्तो रिकोहून आलेल्या घरांतली पुष्कळ. शर्लीबाईंना स्पॅनिश येत होतं, त्यामुळे त्या मुलांच्या आयांशी त्या सरळ त्यांच्याच भाषेत बोलत.

ज्यांनी वस्तीतली बालवाडी चालवली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. संध्याकाळी मुलाला न्यायला आई येते ना, ती दोन मिनिटं फार मोलाची. पगार कापला गेला, शेठाणीने कामावरून काढलं, नवरा आजारी आहे, मूल सकाळपासून उपाशी आहे, हे सगळं त्या दोन मिनिटांत, चप्पल घालता घालता कानावर येतं. शर्लीबाईंनी ते वर्षानुवर्षं ऐकलं.

मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लबात त्या कॉलेजच्या दिवसांपासून जात होत्या. तिथे बायकांकडे एक काम ठरलेलं. दरवर्षीच्या पत्त्यांच्या कार्यक्रमासाठी सिगारचे रिकामे डबे रंगीत कागद लावून सजवायचे, पैसे गोळा करायला. निधीतला मोठा वाटा बायकांच्या कष्टाचा आणि सामानाला पैसे मात्र त्यांना कुणी द्यायचं नाही. शर्लीबाईंनी आधी डबे सजवले, मग सगळ्या बायकांना घेऊन पैसे मागितले. मला या बाईंबद्दल सर्वांत आधी जिव्हाळा वाटला तो या डब्यांच्या प्रसंगाने. हळदीकुंकवाच्या रांगोळीपासून सभेच्या चहापर्यंत राबणाऱ्या आपल्या कितीतरी कार्यकर्त्या मला त्यात दिसतात.

१९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर गेल्या. तिथे चार वर्षांत केलेलं काम बघा. घरकाम करणाऱ्या बायकांना बेकारी विम्याचं संरक्षण. गरीब वस्तीतल्या, शाळेत मागे पडलेल्या पण हुशार मुलांना आधार देऊन कॉलेजात आणणारी ‘सीक’ नावाची योजना. आणि बाळंतपणासाठी रजेवर गेलेल्या शिक्षिकेची सेवाज्येष्ठता बुडू नये म्हणून कायदा. संध्याकाळची ती दोन मिनिटं विधेयकाच्या भाषेत उतरली की अशी दिसतात.

१९६८ ची लोकसभेसारखी मोठी निवडणूक. समोर जेम्स फार्मर, नागरी हक्कांच्या चळवळीतलं देशभर गाजलेलं नाव. वॉशिंग्टनमध्ये पुरुषाचा आवाज हवा, असा त्यांच्या प्रचाराचा सूर. मधेच शर्लीबाईंची शस्त्रक्रिया झाली आणि ही बाई आहे कुठे, अशी विचारणा सुरू झाली. पूर्ण बऱ्याही झाल्या नव्हत्या, तरी त्या उठल्या आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. त्यांच्या प्रचाराला आलेल्या पहिल्या देणग्यांपैकी एक म्हणजे सरकारी मदतीवर जगणाऱ्या एका बाईने पाकिटात घालून आणलेली चिल्लर, ९ डॉलर ६२ सेंट. मैत्रिणींकडून जमवलेली. त्यांची घोषणा होती, कुणी विकत घेतलेली नाही, कुणाच्या दावणीला बांधलेली नाही. मोठ्या फरकाने त्या जिंकल्या.

वॉशिंग्टनला गेल्यावर पहिलं काय मिळालं? शेतकी समिती, त्यातही जंगलं आणि ग्रामविकास. ब्रुकलिनच्या दाटीवाटीच्या वस्तीतून आलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंना जंगलं! सभापतींनी सांगितलं, चांगल्या सैनिकासारखं मिळेल ते काम करा. त्या ऐकेनात. पक्षाच्या बैठकीत बोलण्यासाठी पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या. ज्येष्ठ मंडळींना वेळ मिळत गेला, त्यांना नाही. तेव्हा जागा सोडून चालत थेट पुढे मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या आणि समिती बदलून घेतली. पुढे शिक्षण आणि कामगार समितीत, म्हणजे आपल्या हक्काच्या जागी, त्या पोचल्या.

१९७१ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या सहकारी बेला ॲबझग यांच्यासोबत त्यांनी देशभर पाळणाघरं उभारण्यासाठी मोठ्या निधीचं विधेयक मांडलं. त्याच विषयाचं एक सौम्य विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूरही केलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याच डिसेंबरात नकाराधिकार वापरला. त्यामुळे कुटुंबव्यवस्था कमकुवत होईल, असं त्यांचं म्हणणं. मला याचा आजही संताप येतो. आई कामाला गेलीच आहे. ती घरी बसू शकत नाही म्हणून तर मूल एकटं आहे. पाळणाघर नसलं की कुटुंब मजबूत होतं, हे ज्याने कुलूप लावलेल्या खोलीत रडणारं मूल कधी ऐकलेलं नाही तोच म्हणू शकतो.

बरोबर पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७२ मध्ये, ब्रुकलिनमधल्या एका चर्चमधून शर्लीबाईंनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. मी फक्त काळ्यांची उमेदवार नाही, फक्त स्त्रियांची नाही, मी लोकांची आहे, असं त्या म्हणाल्या. पैसा नव्हता. काळे पुढारी दूर राहिले, स्त्रीचळवळीतल्याही अनेकींनी अर्धवट साथ दिली. पक्षाच्या अधिवेशनात १५२ मतं पडली, उमेदवारी जॉर्ज मॅकगव्हर्न यांना गेली.

पण या वर्षातला मला मोठा वाटणारा प्रसंग मतांचा नाही. त्याच उमेदवारीच्या शर्यतीत अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस होते. १९६३ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून अलाबामा विद्यापीठाच्या दारात स्वतः उभा राहिलेला हा माणूस. मे १९७२ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. शर्लीबाई त्यांना भेटायला रुग्णालयात गेल्या. तुमची माणसं काय म्हणतील, असं वॉलेस यांनी विचारलं. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण तुमच्यावर आली तशी वेळ कुणावरही येऊ नये, असं त्या म्हणाल्या. वॉलेस रडले. शर्लीबाईंचे मतदार मात्र भयंकर चिडले.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा क्षणभर मलाही तो रुचला नव्हता. मुलांना दारात अडवणाऱ्याच्या उशाशी शिक्षिकेने का जावं? मग दोन वर्षांनंतरचं वाचलं. १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्याखाली आणायचं होतं आणि दक्षिणेकडची मतं हवी होती. वॉलेस यांनी आपलं वजन खर्ची घालून ती वळवायला मदत केली. कायदा झाला. शर्लीबाईंची आई लोकांच्या घरी काम करायची, हे मी मघाशी सांगितलंय. आपल्या महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं.

१९८३ मध्ये त्यांनी संसद सोडली आणि त्या पुन्हा शिकवायला गेल्या, माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजात. तसं शिकवणं मधल्या काळातही थांबलं नव्हतं. १९७२ च्या प्रचाराच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात बार्बरा ली नावाची एक विद्यार्थिनी त्यांना भेटली. दोन मुलांची एकटी आई. राजकारणावर तिचा विश्वास नव्हता, मतदार म्हणून नोंदणीही केलेली नव्हती. बाईंनी तिला सांगितलं, आधी नाव नोंदव. तिने नोंदवलं, प्रचारात काम केलं आणि पुढे १९९८ मध्ये तीही संसदेत गेली.

१४ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचे सरसकट अधिकार देणारा ठराव प्रतिनिधीगृहात आला. बाजूने ४२० मतं पडली. विरोधात एकच, बार्बरा ली यांचं. त्या वेळी शर्लीबाई शहात्तर वर्षांच्या होत्या, फ्लोरिडात निवृत्त आयुष्य जगत होत्या.

नमस्कार.