दोन मीटर सरळ

नमस्कार, श्रोतेहो.

रोबोट म्हटलं की डोळ्यांपुढे मान हलवणारा, हात मिळवणारा यंत्रमानव येतो. त्याला आज जरा बाजूला बसवू या. 1961 साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. त्याला ना तोंड होतं, ना पाय. होता तो नुसता एक अवजड हात, आणि काम काय, तर साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलून बाजूला ठेवायचे. आजही कारखान्यांतले बहुतेक रोबोट उचलणं, ठेवणं, वेल्डिंग, रंगकाम अशीच कामं करतात. तेच काम हजाराव्या वेळीही पहिल्यासारखंच झालं पाहिजे, यात खरी इंजिनिअरिंग आहे.

शाळा-कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनो, रोबोटिक्सचं हे क्षेत्र आपल्याला मानवेल का, हे तपासायची एक साधी परीक्षा सांगतो. दोन चाकांची गाडी बनवा आणि ती जमिनीवर दोन मीटर सरळ चालवून दाखवा. बस्स, एवढंच. वाचायला सोपं वाटतं ना?

साहित्य थोडं आहे. गिअर बसवलेल्या दोन छोट्या डीसी मोटरी, 65 मिलिमीटर व्यासाची दोन चाकं, पुढे कुठल्याही दिशेला वळणारं एक भिरभिरं चाक, आर्डुइनो ऊनो हा आपला कोड चालवणारा छोटा बोर्ड, मोटर ड्रायव्हर आणि बॅटरी. पहिली चूक इथेच होते. मोटर थेट बोर्डाच्या पिनेला जोडली जाते. त्या पिनेतून 20 मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यावा. मोटरीला नुसतं फिरायलाही त्याच्या काही पट लागतो आणि चाक अडलं तर आणखी कितीतरी जास्त. पीन जळते. म्हणून मध्ये ड्रायव्हर हवा, बोर्डाचा हुकूम ऐकून बॅटरीचा प्रवाह मोटरीला देणारा. एल298 हा जुना ड्रायव्हर सगळीकडे दिसतो, पण तो जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच उष्णतेत घालवतो. तुम्ही सहा दिले तर मोटरीला चार मिळतात. टीबी6612 सारखा मॉसफेटवाला, म्हणजे कमी रोधाच्या ट्रान्झिस्टरांचा ड्रायव्हर घेतलात तर ही गळती बरीच कमी होते.

आता बटण दाबलं. मोटरी झटका देतात, दिवा विझतो, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि हे असंच चालू राहतं. नव्वद टक्के मुलं इथे कोडमध्ये चूक शोधत बसतात (हा आकडा मोजलेला नाही, बोलण्याच्या ओघात आला!). कोडमध्ये सहसा काहीच चुकलेलं नसतं. सुरुवातीला मोटर भरमसाट प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली बसतो आणि बोर्ड रिसेट होतो. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी तर या कामाला मुळीच नको, तिचा अंतर्गत रोधच फार. मोटरींना वेगळी बॅटरी द्या, ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकत्र जोडा. ही ग्राउंडची तार राहिली, तर ड्रायव्हरला हुकूम कळतच नाही आणि मोटरी मनाला येईल तशा वागतात.

गाडी चालायला लागली. दोन्ही मोटरींना हुकूम एकच, तरी ती डावीकडे झुकते. का? हिशेब करून बघा. दोन चाकांमधलं अंतर 15 सेंटिमीटर धरा आणि उजवं चाक फक्त एक टक्का जास्त फिरतंय असं समजा. मीटरभरात ते एक सेंटिमीटर पुढे जातं. तेवढ्याने गाडीचं तोंड जवळजवळ चार अंश वळतं आणि दोन मीटरच्या शेवटी गाडी रेघेपासून 13 सेंटिमीटर दूर असते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मोटरींमध्ये एक टक्क्याचा फरक म्हणजे काहीच नाही. तो असतोच असतो.

मग चाकाला 20 खाचांची चकती, म्हणजे एन्कोडर लावायचा आणि खाचा मोजायच्या. पण चाकाचा परीघ 204 मिलिमीटर, म्हणजे एक खाच झाली साधारण एक सेंटिमीटरची. मीटरभरात जो फरक पडतो, तोही तेवढाच! चूक कळेपर्यंत गाडी वळून चुकलेली असते. हीच चकती गिअरच्या आधी, मोटरीच्या स्वतःच्या दांड्यावर असेल आणि गिअर 48 पटींचा असेल, तर चाकाच्या एका फेरीला 960 खाचा मिळतात. एक खाच म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. आता दोन्ही बाजूंच्या मोजणीतला फरक घ्या, त्याला एका आकड्याने गुणा आणि पुढे गेलेल्या चाकाचा वेग तेवढा कमी करा. आकडा लहान पडला तर गाडी आळसावल्यासारखी उशिरा सावरते. मोठा झाला तर नागमोडी पळते. तो नेमका आकडा शोधण्यात एक अख्खी दुपार जाते आणि ती दुपार आवडली, तर तुम्ही कंट्रोल इंजिनिअरिंगची माणसं आहात. तिथे त्रिकोणमिती, मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस लागतं. टाळून चालत नाही.

मोजणी तंतोतंत जुळली तरी गाडी वाकडी जाऊ शकते. एन्कोडर चाकाचं फिरणं मोजतो, जमिनीवरचं सरकणं नाही. टायरवर धूळ असली की चाक जागच्या जागी घसरतं. भिरभिऱ्या चाकाच्या आसात केस अडकतो. हा प्रश्न मंगळावरही सुटलेला नाही. 2012 साली तिथे उतरलेल्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीच्या चाकांना मुद्दाम छिद्रं ठेवलेली आहेत. चाक फिरलं की वाळूत मोर्स लिपीतली 'जेपीएल' ही, ती गाडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावाची अक्षरं उमटतात आणि कॅमेऱ्यातून ते ठसे पाहून गाडी खरोखर किती सरकली याचा अंदाज घेता येतो.

तुमचं मन कुठे रमलं, तेही बघा. चाक घासूनपुसून समतोल करण्यात रमलं, तर मेकॅनिकल. तिथे रोबोटच्या बोटांचं, म्हणजे ग्रिपरचं काम एकटंच आयुष्यभर पुरेल इतकं आहे. मल्टिमीटर घेऊन रिसेटचं कारण शोधण्यात रमलं, तर इलेक्ट्रॉनिक्स. कोडमध्ये रमलं, तर लिनक्स, पायथॉन, सी प्लस प्लस आणि त्यानंतर रॉस 2, म्हणजे रोबोटचे प्रोग्रॅम लिहायची तयार सॉफ्टवेअर चौकट, शिका. त्याच्या जोडीला गझीबो हा फुकट सिम्युलेटर आहे, त्यात गाडी नसतानाही सराव करता येतो. फक्त त्यातल्या जमिनीवर केस पडलेले नसतात, हे विसरू नका.

प्रयोग करताना एक वही ठेवा. बॅटरीचा दाब किती होता, गाडी कोणत्या बाजूला किती सेंटिमीटर गेली, दर वेळी लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. गाडी वाकडी गेली की दुसरं काही करण्याआधी तिचं तोंड फिरवून तिला त्याच रेघेवर उलट्या दिशेने चालवा. ती पुन्हा स्वतःच्याच डावीकडे गेली, तर दोष गाडीत आहे. आधीच्याच भिंतीकडे गेली, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. उतार जमिनीला आहे.