अंगावर पडलेलं बोर्डो आणि सहा तासांचा रस्ता

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'द्राक्षपट्ट्यातली सायकल : एक प्रस्ताव', आणि मला दिलीत पंचेचाळीस मिनिटं, त्यातली बारा सत्कार-नारळात गेली. नारळ मात्र चांगला दिलाय, पाणी वाजतंय.

मी काय मोठा सायकलपटू नाही. बँकेत आयुष्य काढलं, रिटायर झालो, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा नाहीतर गोळी वाढवतो, मग घेतली एक गिअरची सायकल. आमच्या हिचं म्हणणं, वजन काय उतरलं नाही, खर्च तेवढा चढला.

आणि द्राक्षबागांतनं असं सायकलवर फिरण्याला परदेशात वाईन कंट्री सायकलिंग म्हणतात असं म्हणलं की आपल्याकडं दोन-तीन जण खाकरतात. आत्ता पण खाकरले बघा. सांगली जिल्ह्यात दारू म्हणलं की खरी कवठेएकंदची, दसऱ्याला आकाशात उडवायची, आणि तिचं आपल्याला कौतुकच आहे. वाईनचं म्हणाल तर 2001 च्या द्राक्ष धोरणात आपल्या पलूसला वाईन पार्क झालं, नाशिककडं विंचूरला झालं, त्यांचं नाव झालं आणि आपलं काय झालं ते पलूसची मंडळी सांगतील, मी बोललो तर चहा मिळायचा नाही. आपली द्राक्षं बाटलीत जात नाहीत, एकतर पेटीत जातात नाहीतर बेदाण्याच्या शेडवर. पण सायकलवाल्याला बाटलीचं काय करायचंय? त्याला पाहिजे चढ-उताराचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला बागा, आणि मागनं हॉर्न नको. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडं आहेत.

आता ती गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी मोबाईल बघितला तरी चालेल.

ऑगस्ट महिना, तासगाव तालुक्यात सावळजच्या पुढं डोंगरसोनीच्या बाजूला निघालो होतो. नावातच डोंगर आहे म्हणल्यावर चढ असणारच. आणि चढाला माझी मान खाली असते, समोर काय चाललंय ते दिसत नाही, फक्त पुढचं चाक आणि स्वतःचा घाम. डाव्या हाताला बाग, बागेत ट्रॅक्टर चालल्याचा आवाज येतोय, मी म्हणलं चालू दे. तो गडी ओळीच्या टोकाला आला, फवारणीचा ब्लोअर तसाच चालू ठेवून वळला, आणि त्याच टायमाला मी तिथं. पहिल्यांदा वाटलं पाऊस आला. मग बघितलं तर पाऊस निळा! हेल्मेट निळं, चष्मा निळा, दोन हजाराची पांढरी जर्सी निळी, आणि ती अजून निळीच आहे, ही म्हणते फरशी पुसायला द्या.

ट्रॅक्टरवाला पोरगा उडी मारून आला. पहिला प्रश्न, "आवो काका, डोळ्यात गेलं न्हवं?" माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला. विहिरीवर नेलं, मोटर चालू करून पाईपनं मला धुतलं, म्हैस धुतात तसं, अगदी तसंच. त्याची आजी शेडच्या दारात बसून पदर तोंडाला लावून हसतीय. मग चहा झाला, बेदाणा झाला, आणि मी विचारलं, हे निळं आहे तरी काय? तर म्हणाला, "बोर्डो हाय काका, एक टक्का. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पान दाट झालंय, वरनं पाऊस, दावण्या येतोय, म्हणून मारतोय." दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, डाउनी. आणि जमलंय का नाही ते कसं बघायचं ते पण दाखवलं. लोखंडी विळा त्यात बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. बी. एस्सी. केमिस्ट्रीला आमच्या सरांनी हे इतकं स्वच्छ सांगितलं असतं तर मी बँकेत गेलो नसतो.

पण माझ्या डोक्यात ते नाव बसलं. बोर्डो. घरी आल्यावर पुस्तकं काढली. बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं गाव, जगातली नामांकित वाईन तिथली. आणि गंमत बघा, ह्या औषधाचा जन्मच रस्त्याकडेच्या वेलींवर झालाय. तिथले बागायतदार रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद-चुना मारायचे, कशासाठी, तर येणाजाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत! निळसर पांढरं दिसलं की माणूस हात लावत नाही. मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक 1882 मध्ये बोर्डोजवळच्या मेदोकच्या बागांतनं जात होते, त्यांना दिसलं की आतल्या वेली दावण्यानं गेल्यात आणि रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्यागार आहेत. त्यांनी प्रयोग केले, 1885 ला जाहीर केलं. म्हणजे हे औषध मुळात वाटसरूसाठीच होतं, आणि सव्वाशेच्या वर वर्षांनी ते योग्य वाटसरूवर पडलं. चोरी केली नव्हती मी, एवढंच.

ही पहिली चिठ्ठी आली. 'पंधरा मिनिटं.' येतो, येतो मुद्द्यावर.

तर त्याच बोर्डोच्या बाहेर एक सायकलचा रस्ता आहे. आन्त्र-दू-मेर नावाचा भाग, गारोन आणि दोर्दोन्य ह्या दोन नद्यांच्या मधला, आपण कृष्णा-येरळा म्हणतो तसा. सगळ्या टेकड्या आणि त्यावर बागा. तिथली जुनी रेल्वे बंद पडली, रूळ काढले आणि त्या जागी डांबरी सायकलमार्ग केला, पन्नास किलोमीटरच्या वर, एकही मोटार नाही. रेल्वेचाच रस्ता असल्यामुळं टेकड्या असून चढ मवाळ, इंजिनाला जमला तो आपल्या गुडघ्यांना पण जमतो. नाव रोजे लापेबी ह्याचं दिलंय, 1937 ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी, आणि चालता चालता गिअर बदलायचं ते डिरेलर त्या शर्यतीत त्याच वर्षी पहिल्यांदा सगळ्यांना चालू दिलं. म्हणजे चढाला मी जो खटका मारतो त्याचं थोडं पुण्य त्याच्या खात्यात. रस्त्याला सायकलवाल्याचं नाव! आपल्याकडं कुणाचं देतात ते माहितीय तुम्हाला, मी बोलत नाही. सायकलवाले आपल्याकडं पण होते की. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात 1888 ला बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली, आणि 1910 ला त्यांनी कारखान्यासाठी माळ निवडला तो आपला, आजची किर्लोस्करवाडी, पलूस तालुक्यात, त्या वाईन पार्कच्या शेजारीच म्हणा.

पण आपल्याकडं रिकामा रूळ नाही. मिरज-पंढरपूरची नॅरोगेज गेली तिथं ब्रॉडगेज आली, बरंच झालं. मग सायकलला वेगळा ट्रॅक मागायचा? आमच्या भागात एक झाला होता. तीन महिन्यांत त्याच्यावर वडापावचा गाडा, फ्लेक्स, आणि एका नगरसेवकाची बोलेरो. मी तक्रार द्यायला गेलो तर साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय कोण चालवतंय सायकल? म्हणलं साहेब, बोलेरो काढा मग दिसतील. 'विचार करू' म्हणाले. अजून करतायत.

दुसरी चिठ्ठी. 'पाच मिनिटं.' ही जरा रागानं लिहिलेली दिसतीय. बरं, आता पळतो.

जागा मागूच नका, वेळ मागा. हा माझा सगळा प्रस्ताव. जावई जर्मनीत मॅनहाइमला असतो, तिथनं जवळ फाल्झचा द्राक्षपट्टा, त्यात 85 किलोमीटरचा वाईनचा रस्ता. जर्मन नाव मुद्दाम घेत नाही, तोंडात भडंग असल्यासारखं होतं. एरवी त्याच्यावर मोटारी असतात, पण ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो अख्खा रस्ता गाड्यांना बंद. मी त्या दिवशी भाड्याची सायकल घेऊन गेलो, आजीबाई, पोरंटोरं, सगळा गाव रस्त्यावर, अर्ध्या लिटरच्या खळग्याखळग्यांच्या ग्लासातनं सोडा घातलेली वाईन पितायत, मी द्राक्षरस घेतला, जावई साक्षीला आहे. नवीन बांधकाम काहीच नाही, कमान नाही, टेंडर नाही. संध्याकाळी अडथळे काढले की रस्ता परत मोटारींचा. श्रीमंतांचे चोचले म्हणाल तर कोलंबियात बोगोटाला 1974 पासून हेच चाललंय, दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभर किलोमीटरच्या वर रस्ते.

आपल्याकडं रस्ता बंद होत नाही म्हणतात. ऋषिपंचमीला तासगावात गणपतीचा रथ निघतो तेव्हा काढा बरं कुणी तिथनं गाडी! साताऱ्याला हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट बंद होतो. होतं सगळं.

कुठं? हमरस्ता नकोच. सावळज, डोंगरसोनी, वायफळे ह्या बाजूचे आतले रस्ते. कधी? ऑगस्टचा शेवटचा रविवार, सकाळी आठ ते दोन. आठ का, तर तोवर दुधाच्या गाड्या जातात. ऑगस्ट का, तर एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी तयार झालेली असते, वेलीवर पान हिरवंगार, घड नाही. ऑक्टोबरला फळछाटणी झाली की शेतकऱ्याला एक दिवस थांब म्हणणं पाप आहे, फुलोऱ्यात पाऊस झाला आणि फवारणी चुकली तर दावण्या घड घेऊन जातो. जानेवारीपासनं काढणी, पिकअप, पेट्या. ऊसाच्या डबल ट्रॉल्या पण दिवाळीनंतरच्या. पाऊस म्हणाल तर आपला पूर्व भाग पावसाची वाट बघणारा, तिथं चार थेंब पडले तर लोक आपलेच पाय धरतील. ॲम्ब्युलन्स आणि एसटी सोडायची, ज्या गावाचा बाजार रविवारी असेल ते गाव वगळायचं, आणि बागवाल्यांनी दारात बेदाणा, द्राक्षरस, चहा मांडायचा, पैसे घेऊन, फुकट अजिबात नाही. 'तास-ए-गणेश' हे द्राक्षाचं वाण ज्या बोरगावच्या आर्वेंनी काढलं त्यांच्या तासगाव तालुक्यात सायकलवरनं येणाऱ्याला बाग दाखवायची लाज कसली? कलेक्टर ऑफिसला अर्ज मी लिहिलाय, सह्या बाहेर टेबलावर घेतोय, पेन आपापलं आणा, मागच्या वेळेला चार गेले.

तिसरी चिठ्ठी न वाचताच कळली.

हां, मागं कोण उभं राहिलंय? बोला की. ... काय म्हणतोस? अरे, तूच का! ओळखलं नाही, त्या दिवशी चष्मा निळा होता. ... रविवारीच फवारणी असती म्हणतोस? मग आठच्या आत आटप बाबा, आणि वळताना ब्लोअर बंद कर.