पडवी म्हणजे बाहेर नव्हे

(डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानातून)

नमस्कार मंडळी. विषय 'जनरेटरची जोडणी' असा लावलाय, पण मी सुरुवात आमच्या मागल्या पडवीपासून करतो. 16 मे 2021, रविवार, तौक्ते वादळ. त्या दिवशी ज्यांच्या वाड्यावर एकही माड तारांवर पडला नाही, त्यांनी हात वर करा. बघा, सगळे हात खाली!

तिसऱ्या दिवशीही लाईट नव्हती. फ्रीजमधले बांगडे गेलेच होते, पण पंप बंद म्हणून टाकीही रिकामी. मी पेट्रोलचा छोटा जनरेटर भाड्याने आणला. पाऊस लागू नये म्हणून पडवीत ठेवला आणि आवाज नको म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. वरचं गवाक्ष उघडंच होतं. तासाभराने आई म्हणाली, "डोकं जड झालंय रे, मळमळतंय." आम्ही म्हटलं, पित्त. सोलकढी दिली. मग वहिनीचंही डोकं ठणकायला लागलं. दोघींना एकाच वेळी पित्त कसं होईल? तेव्हा कुठे मी उठलो, जनरेटर बंद केला, दोघींना अंगणात आणलं आणि तसाच दवाखाना गाठला. वाचल्या. आईचा तो पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

हा जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतं, म्हणून माणूस श्वास घेत असतानाच गुदमरतो. पडवीला तीन भिंती आणि छप्पर असतं. धूर तिथे साचतो आणि घरात शिरतो. जनरेटर घरापासून निदान 20 फूट लांब, उघड्यावर हवा, धुराचं तोंड घराकडे नको. पाऊस असेल तर त्याच्यावर वेगळं छप्पर घाला, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही हाच वायू सोडू शकतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीच्या सॉकेटला जोडतात. कृपा करून असं करू नका. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते आणि पलीकडे 230 व्होल्टचे 11,000 व्होल्ट होऊ शकतात. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाईनमन आपल्याच गावचा असतो. यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी मेन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा खटका, तोही परवानाधारक वायरमनकडून बसवलेला. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. आपल्या जांभ्यात अर्थिंग लवकर कोरडं पडतं, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. आणि गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, आधी थंड होऊ द्या.

बाहेर टेबलावर चेंजओव्हर स्विच जोडून ठेवलाय. एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. चहा घेताना प्रत्येकाने खटका एकदा फिरवून बघा; दोन्ही बाजू एकदम चालू करता येतात का, तेही करून बघा.