बॅटरी कुठे धरायची?

(पावसाळी रात्रफेऱ्यांवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'आंबोलीच्या रात्रफेरीत गट किती जणांचा असावा?' तिथे पोचायचंय आणि आपण पोचणार आहोत. पण वाटेत बॅटरी लागते. छापताना तिला विजेरी म्हणतात, तोंडात मात्र बॅटरीच येते. आज तोंडाचंच चालू दे.

इथल्या निम्म्या लोकांनी तरी आंबोली पाहिलेली आहे. त्यामुळे सावंतवाडीकडून चढणारा घाट, सातशे मीटरच्या आसपासची उंची, वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, धुकं, भाजलेलं कणीस हे सगळं मी सोडून देतो. धबधब्याखाली भिजणारी आंबोली दिवसाची. रात्री आठ-साडेआठनंतर दुसरी आंबोली सुरू होते आणि तिच्यासाठी पैसे मोजून, गाइड घेऊन, गमबूट घालून लोक पुण्यामुंबईहून येतात. वाघ दिसणार नाही हे माहीत असून येतात, म्हणून या पाहुण्यांबद्दल मला आदर आहे. तसा आंबोलीत वाघ दाखवता येतो म्हणा. २००९ साली इथल्या एका भेकाचं, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या खरखरीत कातडीच्या बेडकाचं, शास्त्रीय वर्णन झालं, त्याचं नाव 'झँथोफ्रायनी टायगेरिना'. कुशीवर पिवळट रंग, त्यावर पट्टे. अंगठ्याएवढा वाघ. पाहुण्यांना आधी हा वाघ सांगा, मग आकार सांगा.

आता बॅटरी. माझी तक्रार मोबाइलच्या टॉर्चबद्दल आहे आणि ती चवीची नाही, भूमितीची आहे. मोबाइल माणूस पोटाजवळ धरतो. उजेड पोटापासून निघतो आणि डोळे असतात दोन फूट वर. ट्रकच्या मागे लावलेली रेडियमची पट्टी आठवा. ती आपल्या हेडलाइटचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून आपल्याला ती पेटल्यासारखी दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी मळकी दिसते. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यामागे असाच परावर्तक थर असतो. रातवा पक्ष्याच्या डोळ्यात असतो, उदमांजराच्या डोळ्यात असतो. उजेड आणि तुमची नजर एकाच रेषेत असेल तरच ते डोळे चमकतात. तेव्हा बॅटरी कानशिलाला लावायची, डोळ्याच्या अगदी शेजारी, आणि नजर झोताबरोबर फिरवायची. गवतावर दवाचे थेंब दिसतील. त्यातला एखादा थेंब निळसर-हिरवा आणि टाचणीच्या टोकाएवढा टोकदार असतो. झोत हलवला तरी जागा सोडत नाही, जवळ गेलात की विझतो. तो थेंब नाही, कोळी आहे. दव झोताच्या कोनाप्रमाणे लुकलुकतं, डोळा स्थिर राहतो. हा फरक कळायला साधारण दहा मिनिटं लागतात. त्यानंतर माणसाला प्रत्येक गवताळ तुकड्यावर पंधरा-वीस कोळी दिसायला लागतात आणि तो खाली बसायचं बंद करतो.

(हशा)

म्हणजे हेडटॉर्च कपाळाला लावली की काम झालं, असं तुम्हाला वाटेल. आंबोली इथेच पाय ओढते. धुकं! कपाळावरची हेडटॉर्च धुक्यात पांढरी भिंत उभी करते. कारण तेच, फक्त उलटं लागू होतं : धुक्याचा प्रत्येक थेंब थोडा उजेड मागे फेकतो आणि दिवा डोळ्याशेजारी असला की तो सगळा डोळ्यात येतो. गाडीचे फॉग लॅम्प बंपरच्या खाली का बसवतात? दिवा नजरेपासून दूर हवा म्हणून. तेव्हा धुक्यात बॅटरी हातात घ्यायची, हात खाली सोडायचा, झोत पायापुढे. काही मंडळी काचेवर पिवळा जिलेटिन कागद लावतात. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्या कागदाने फायदा एवढाच की बॅटरी मंद होते. मंद बॅटरीने धुकं कमी दिसतं, हे खरंच आहे. बाकीचंही कमी दिसतं.

शिवाय पावसात कपाळावर दिवा म्हणजे पतंगांना आमंत्रण. गाइड गटाकडे तोंड करून माहिती सांगत असतो तेव्हा त्याच्या तोंडात काय काय जातं, हे इथे बसलेल्या गाइड मंडळींना विचारा. चहाच्या वेळी नको, नंतर विचारा.

सापांचं आणखी वेगळं. सापाच्या डोळ्यात तो परावर्तक थर नसतो. कितीही कानशिलाला बॅटरी लावा, मलबारी चापडा हा विषारी साप चमकणार नाही. त्यात तो हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा आणि नारिंगीही असतो. शेवाळलेल्या फांदीवर वेटोळं करून बसला की त्याच्यावर समोरून उजेड टाकणं म्हणजे त्याला सपाट करून टाकणं. सगळ्या सावल्या त्याच्या मागे लपतात. सोनार दागिन्याची कोरीव नक्षी बघताना उजेड तिरका घेतो, तसंच इथे. हात लांब करून बॅटरी कमरेच्या उंचीवर, बाजूने. मग खवल्यांची कड, डोक्याचा त्रिकोण, फांदीला न जुळणारी वळणाची रेघ उठून येते. हरणटोळही असाच सापडतो. दिवसा जागा असणारा हा साप रात्री डहाळीच्या टोकाशी झोपतो आणि बाजूच्या उजेडात त्याची एकसारखी जाडी उघडी पडते. काडी टोकाकडे निमुळती होत जाते, हा मध्येच कुठेही निमुळता होत नाही.

म्हणजे एकाच बॅटरीच्या तीन जागा झाल्या : डोळ्यांसाठी कानशील, धुक्यासाठी खाली, आकारासाठी बाजूला. पट्ट्याने कपाळाला करकचून बांधलेली हेडटॉर्च यातलं एकच काम करते आणि तेही कोरड्या हवेत. हेडटॉर्च हात मोकळे ठेवण्यासाठी, चढताना, ओढा ओलांडताना. बघण्यासाठी हातातली.

बॅटरी घेताना ल्यूमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा बघून हुरळू नका. चालायला शंभर-दोनशे पुरतात. बघायचं ते पाण्याबद्दलचं अक्षर. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. आंबोलीच्या पावसाला शिंतोडे म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं. बिघडतं काय, तर बहुतेक वेळा मागच्या झाकणाची रबरी रिंग. ती वाळते, चिरते, पाणी आत जातं आणि सेलच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर चढतो. हंगामाच्या आधी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमने काही रबरं फुगतात. आणि कॅमेरेवाल्यांनी एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स काढू नये. काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा.

आता बेडूक. त्यांच्यासाठी बॅटरी नंतर, कान आधी. झुडपी बेडूक पावट्याएवढा असतो आणि आवाज झाडभर. एकट्याने शोधायला गेलात तर पंधरा मिनिटं गोल फिराल. दोघांनी चार-पाच पावलांच्या अंतराने उभं राहायचं, बॅटऱ्या बंद, आवाज येईल तिकडे हात रोखायचा. मग दोघांनी एकदमच, हाताच्या दिशेने, झोत टाकायचा. दोन झोत जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या पानाखाली बघा. तुमची चाहूल लागली की तो गप्प होतो. तेव्हा आपणही गप्प राहायचं, हलायचं नाही, काही मिनिटांत पुन्हा सुरू होतो. सगळ्यात अवघड काम तेच आहे, कारण गटातलं कुणीतरी नेमकं तेव्हाच विचारतं, "गेला का तो?"

या झुडपी बेडकांच्या बऱ्याच जातींत टॅडपोल, म्हणजे पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू, हा प्रकारच नसतो. अंड्यातून थेट इवलासा बेडूक. मलबारच्या उडत्या बेडकाचं उलट. हा तळहाताएवढा, बोटांमधले पडदे शेंदरी, उंचावरून पडदे ताणून तरंगत उतरतो. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत पाय घुसळून फेसाचं घरटं करते. पिल्लं वाढली की फेस ओला होऊन सुटतो आणि टॅडपोल खालच्या पाण्यात टपटप पडतात. घरटं बघायला फांदी वाकवू नका. वाकवलेली फांदी सोडल्यावर पूर्वीच्याच जागी येईल, पाण्याच्या वर येईल, याची हमी नसते. दोन इंच बाजूला सरकली तर टॅडपोल कातळावर.

संयोजकांची चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं' लिहिलंय. म्हणजे पाच.

एक गाऱ्हाणं घाईत सांगून टाकतो, कारण ते मुख्य विषयाला चिकटलेलं आहे. चापडा दबा धरून शिकार करतो, त्यामुळे एका फांदीवर रात्रीमागून रात्री बसतो. गाइडना ती फांदी पाठ होते. शनिवारी एकामागोमाग एक गट त्याच फांदीपाशी येतात. प्रत्येकाचे फोटो, प्रत्येकाचा फ्लॅश. ज्याचं पोट अंधारावर अवलंबून आहे त्याला आपण रात्रभर चौकातल्या पुतळ्यासारखा उजळून ठेवतो. बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर ठेवणं हा दुसरा प्रकार. फोटोत ओळखता येतं : जमिनीवरचा भेक फुलावर बसलेला दिसला की समजा, त्याला कुणीतरी तिथे पोचवलंय. हाताला डास पळवायचं मलम, किंवा जळवांसाठी मोज्यात तंबाखू, आणि त्याच हाताने बेडूक. बेडकाची कातडी श्वास घेते, पाणी पिते आणि हेही पिते. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. चिकटलीच तर नखाने तोंडाच्या बाजूने सरकवायची. मीठ टाकू नका, ते तुमच्या पायावरून ओघळून बेडकाच्या डबक्यात जातं.

आणि चापड्यापासून दोन मीटर म्हणजे दोन मीटर. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्याने तो उष्णता ओळखतो, तुमचा चेहरा त्याला अंधारात दिसतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेलं आहे. चापडा त्यात नाही.

तर, गट किती जणांचा. माणसं मोजायच्या ऐवजी झोत मोजा, असं माझं म्हणणं. बारा जण, प्रत्येकाच्या कपाळावर दोनशे ल्यूमेन. झाले चोवीसशे. गाडीच्या साध्या हॅलोजन दिव्याचा खालचा झोत हजाराच्या आसपास असतो. म्हणजे दोन हेडलाइट लावून बेडकांना भेटायला निघालात. आठ जण आणि तीन पेटत्या बॅटऱ्या : पुढे गाइड, शेवटी त्याचा जोडीदार आणि मधे एक, जी पाळीपाळीने फिरते. बाकीच्यांच्या खिशात, बंद. ज्याच्या हातात बॅटरी तो शोधतो, बाकीचे ऐकतात. आठाच्या वर गेलात की शेवटचा माणूस प्राण्यापाशी पोचेपर्यंत पहिला कंटाळलेला असतो आणि मग आवाज वाढतो. एका प्राण्यापाशी तीन मिनिटं, फ्लॅश नाही. एका फांदीपाशी एका रात्री एकच गट. हे गाइडनी संध्याकाळी चहाच्या टपरीवर आपसात वाटून घ्यावं, त्याला सरकारी परिपत्रक लागत नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मात्र मी आठही जाऊ देणार नाही. त्या वाघ-भेकाची अंडी जांभ्या दगडावरच्या उथळ, चार बोटं खोलीच्या डबक्यांत असतात, पावसाळ्याच्या तोंडाला. ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि ती अंडी गमबुटाखाली दिसतसुद्धा नाहीत. जूनमध्ये सडा कडेवरून बघायचा. दुसऱ्या घाटातून थेट येणाऱ्यांनी बुटांचा चिखल ब्रशने घासून बूट कडक वाळवून आणावेत. बेडकांना मारणारा कायट्रिड कवक पश्चिम घाटातही नोंदवला गेलाय, तो ओल्या चिखलातून प्रवास करतो आणि सुकला की मरतो.

शेवटचं. फेरीच्या शेवटी दहा मिनिटं सगळ्या बॅटऱ्या बंद ठेवा, मोबाइलसकट. डोळ्याला पुरता अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण दहा मिनिटांतही कुजक्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसायला लागतो. ती प्रकाशणारी बुरशी. मधेच कुणी वेळ बघायला मोबाइल काढला की सगळ्यांची दहा मिनिटं पुन्हा शून्यापासून.

संयोजक उभे राहिलेत. बाहेर हॉलमागच्या हिरवळीवर पाऊस थांबलाय आणि तिथे दिवा नाही, मघाशी बघून आलोय. दोन बॅटऱ्या टेबलावर ठेवल्यात. चहा घ्या, कानशिलाला लावा आणि कुंपणापर्यंत किती डोळे दिसतात ते मला येऊन सांगा.